आप्पाकाका, पायपेटी इतक्यात देऊ नका

तीर्थस्वरूप आप्पाकाका यांस,


हे पत्र छापून आलेलं बघून तुम्ही चिडाल. पण माझा इलाज नाही. फोनवर तुम्ही 'हं, हं' करता आणि फोन काकीच्या हातात देता. व्हॉट्सॲप उघडत नाही. पोस्टाने आलेलं पत्र घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवता आणि विसरता. छापलेलं मात्र तुम्ही सोडत नाही, शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकता. म्हणून म्हटलं, घरचं बोलणं सरळ अंकातच द्यावं. वाचनालयात अंक आला की देवळाच्या पारावर चौघांना वाचून दाखवालच, आणि चौघांदेखत मला शिव्या घालाल. घाला.

धाकट्याने कळवलं की दशावतारात तुम्ही वाजवायचात ती पायपेटी विकायची बोलणी चालली आहेत. गोव्याकडच्या कुठल्याशा हॉटेलसाठी जुन्या वस्तू गोळा करणारा माणूस येऊन गेला. पडवीतल्या गोणपाटाखालून त्याने ती ओढून काढली, चारही बाजूंनी फोटो घेतले आणि आकडा सांगितला. लॉबीत ठेवायची आहे, वाजली नाही तरी चालेल, म्हणाला. त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "व्हरूंदे. मोडक्या पेटीचा काय लोणचा घालूचा?"

आकडा बरा आहे, हे मीही कबूल करतो. पण ते 'वाजली नाही तरी चालेल' माझ्या डोक्यातून जात नाही. तेव्हा हो म्हणण्याआधी माझी एक गोष्ट ऐका. तीही पेटीचीच आहे. फक्त ती पेटी माणसाच्या तिप्पट उंच आहे आणि बांबूची आहे.

गेल्या डिसेंबरात मी मनिलाला जहाज पकडायला गेलो होतो. जहाजाला बंदरात यायला तीन दिवस उशीर झाला आणि एजंटने मला एका हॉटेलात टाकून दिलं. मागच्या जहाजावर इंजिनरूममध्ये आमचा जो फिटर होता, तो मनिलाच्या दक्षिणेला लास पिन्यास इथे राहतो. त्याला कळवलं तर म्हणाला, पहाटे तीनला तयार राहा, मिसला जाऊ. जहाजावर तो नेहमी सांगायचा की आमच्या चर्चमध्ये बांबूचा ऑर्गन आहे, आणि मी नेहमी हसायचो. मला वाटायचं, जत्रेत मिळतात तसल्या पिपाण्या चौकटीत बांधून ठेवल्या असतील.

नाताळाआधी १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस तिकडे उजाडायच्या आत मिस असते. तिला सिंबांग गाबी म्हणतात. शेतकऱ्याने आणि कोळ्याने कामाला निघण्याआधी देवाकडे जाऊन यावं म्हणून पडलेली रीत. मला आपली कार्तिकातली काकड आरती आठवली. तीच अर्धवट झोप, तोच शाल गुंडाळलेला म्हातारा, आईच्या मांडीवर आडवं झालेलं तेच पोर. फरक एवढाच की आपल्याकडे उदबत्तीचा वास आणि तिथे दारात भाजल्या जाणाऱ्या पिठाचा. दारातच फिटरची आजी भेटली. त्याने तिचा हात उचलून आपल्या कपाळाला टेकवला. त्यांच्याकडे पाया पडतात ते असे. मीही टेकवला. आजीने त्याला हळूच काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही पण प्रश्न कळला. लग्न झालं का, हेच.

लास पिन्यास म्हणजे अननस. नाव अननसावरून पडलं की जवळच्या दगडाच्या खाणींवरून, यावर तिकडेही वाद आहे, आपल्याकडे प्रत्येक गावाच्या नावावर असतो तसा. आज ते मनिलाला चिकटलेलं शहर आहे. चर्चच्या पुढचा रस्ता दिवसभर जीपनी नावाच्या प्रवासी गाड्यांनी कोकलत असतो, आणि त्या जीपनी बनवणारा सारावोंचा नावाजलेला कारखानाही याच गावचा. पण दोनशे वर्षांपूर्वी ते मनिलाच्या उपसागराकाठचं खेडं होतं. मासळी आणि मिठागरं. म्हणजे आपलं शिरोडंच म्हणा ना.

या खेड्यात १७९५ साली दिएगो सेरा नावाचा पाद्री आला. स्पेनमधल्या ग्राउस गावचा, १७६२ चा जन्म, ऑगस्टिनियन रिकलेक्ट पंथाचा. तुमच्या भाषेत सांगायचं तर 'हाताक खाज असलेलो माणूस'. बांबूच्या ऑर्गनआधीही त्याने मनिलाकडे ऑर्गन बांधले होते. इथे येऊन त्याने गावकऱ्यांना हाताशी धरलं आणि १७९७ मध्ये दगडी चर्च बांधायला घेतलं. पुरं व्हायला १८१९ उजाडलं. दगड ज्वालामुखीच्या राखेचा, तिकडे त्याला अडोबे म्हणतात. रंगाने आपल्या जांभ्यासारखा नाही, पण स्वभाव तोच. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्यावर राहिला की कडक.

चर्चचं काम चालू असतानाच १८१६ मध्ये त्याने ऑर्गनला हात घातला. आता ऑर्गनच्या नळ्या म्हणजे युरोपात कथील-शिशाच्या, नाहीतर लाकडाच्या. धातू महाग. लाकडाची नळी म्हणजे चार फळ्या रंधून, सरस लावून, वारा सुटणार नाही अशा जोडायच्या, आणि हे शेकडो वेळा. आणि समोर तर देवाने नळ्याच उगवून ठेवलेल्या. मला विचाराल तर त्या माणसाने फार मोठा शोध लावला नाही. खिडकीबाहेर बघितलं, एवढंच.

पण बांबू कसा असतो हे तुम्हाला कोण सांगणार! तुम्हीच आम्हाला शिकवलंत की माणगा भरीव, तो काठीला आणि मांडवाला. पोकळ हवा तर कळक. अमावास्येला तोडलेल्याला भुंगा लागत नाही, आणि तोडल्यावर महिनाभर व्हाळात बुडवून ठेवायचा. सेराने हेच केलं, फक्त व्हाळाच्या जागी समुद्र घेतला. तोडलेले बांबू त्याने किनाऱ्यावरच्या वाळूत पुरले आणि वर्षभर तिथेच ठेवले. खारं पाणी बांबूतला गोडवा, पिठूळपणा काढून टाकतं, आणि मग किडीला खायला काही उरत नाही. हे त्याला कुणी शिकवलं असेल? स्पेनच्या डोंगरातल्या पोराला बांबू कुठून माहीत असणार? गावातल्याच कुणा तुमच्यासारख्याने सांगितलं असणार, असं आपलं माझं मत. पाटी मात्र पाद्र्याच्या नावाची आहे.

त्या बांबूंच्या नळ्या केल्या. प्रत्येक पेराला आत पडदा, तो फोडायचा. दोन बांबू कधी एका जाडीचे नसतात, त्यामुळे एकीचं माप दुसरीला चालत नाही. प्रत्येक नळी वेगळी कापायची, तोंड कोरायचं, फुंकून बघायचं, पुन्हा तासायची. अशा ९०२. शिवाय धातूच्या १२९. एकूण १०३१ नळ्या. पाच मीटरहून उंच आणि चार मीटरहून रुंद असा तो सगळा पसारा माडीवर उभा आहे. खालून बघितलं तर वाटतं कुणी अख्खं कळकीचं बेट मुळासकट उचलून चर्चमध्ये आणून लावलं आहे, आणि काळाने ते मधासारखं पिवळं-तपकिरी झालं आहे.

धातूच्या नळ्यांची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. १८२१ मध्ये ऑर्गन वाजायला लागला होता, पण तुतारीच्या आवाजाच्या नळ्या बसल्या नव्हत्या. त्या बांबूत जमेनात. शेवटी सेराने त्या धातूच्या केल्या आणि १८२४ मध्ये काम पुरं झालं. स्पॅनिश पद्धतीने या तुताऱ्या उभ्या नसतात, पुढे आडव्या काढलेल्या असतात, लोकांवर रोखल्यासारख्या. पाहिल्यावर वाटतं, आता तोफा सुटणार. आठ वर्षं बांबूचा हट्ट धरला आणि जिथे बांबू ऐकेना तिथे मुकाट्याने सोडला. हट्टी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत, एकाच्या घरी वाढलोही आहे. पण हट्ट कुठे सोडायचा हे कळणारी थोडी.

मिस संपली, लोक पांगले आणि फिटरने कुणाला तरी विचारून मला माडीवर नेलं. वाजवणारा तरुण होता, लहानपणी तिथल्याच गायकवृंदात गायलेला. मी जहाजावरचा इंजिनियर म्हटल्यावर तो खूश झाला आणि त्याने मला सूर दाखवायच्या आधी आतलं यंत्र दाखवलं. मग मीही खूश झालो.

काका, आत सगळी आपली पेटीच आहे हो. खाली भाता. पूर्वी तो माणूस ओढायचा, आता विजेचा पंखा वारा देतो. वारा जाऊन साठतो एका लाकडी पेटाऱ्यात. पेटाऱ्याच्या वर नळ्या उभ्या. प्रत्येक पट्टीपासून एक बारीक लाकडी काडी निघते, कोपऱ्याकोपऱ्यावर वळत पेटाऱ्यापर्यंत जाते आणि पट्टी दाबली की आतली झडप उघडते. बस्स. मधे कसली तार नाही, वीज नाही. बोटाने दाबलेलं दूरवरच्या झडपेला जाऊन भिडतं, आणि झडप सुटताना वाऱ्याची ती बारीकशी उचकी बोटाला परत कळते. मी एकच पट्टी चार वेळा दाबून बघितली. बाजूला खुंट्या, आपल्या पेटीला पुढे असतात तशाच. खुंटी ओढली की नळ्यांची एक रांग बोलायला लागते.

नळ्या दोन जातीच्या. बांबूच्या सगळ्या पाव्याच्या घराण्यातल्या: वारा तोंडाच्या कडेवर फुटतो आणि नळीतली हवा थरथरते. लांब नळी खर्ज, आखूड नळी टीप. धातूच्या तुताऱ्यांमध्ये मात्र आत पितळेची जीभ असते, सनईला पत्ती असते तशी, म्हणजे तुमच्या सुरांची चुलत बहीण. चुलत अशासाठी की तुमच्या पेटीतली पत्ती खाचेतून मोकळी आरपार हलते आणि तुतारीतली जीभ नळीच्या तोंडावर आपटत राहते. म्हणून तो आवाज इतका उर्मट.

एक युक्ती तुम्हाला फार आवडेल. पट्ट्यांची ओळ एकच, पण खुंट्या डाव्या आणि उजव्या अर्ध्याला वेगवेगळ्या. म्हणजे डाव्या हाताने मऊ पावा धरायचा आणि उजव्या हाताने त्याच ओळीवर तुतारी वाजवायची. एक माणूस, एक पेटी, आणि ऐकणाऱ्याला वाटावं दोघे वाजवताहेत. स्पेनच्या बांधणाऱ्यांची ही जुनी खोड. राजपार्टाच्या प्रवेशाला तुम्ही खर्ज-नर धरून ठेवायचात आणि वर मादीचे सूर नाचवायचात, तेव्हा तुमच्या मनात असंच काहीसं असणार, फक्त खुंट्या तेवढ्या नव्हत्या.

आवाज कसा, ते सांगतो. मी कान घेऊन गेलो होतो तो इंजिनरूमचा. हवेची गळती मला तीन यार्डांवरून ऐकू येते, तेवढ्याचाच पगार मिळतो. या ऑर्गनचा सूर सुरू होताना आधी एक 'फुत्' होतं. अगदी बारीक. गुराख्याच्या पाव्यात होतं तसं. मला वाटलं, झडप गळतेय. मग दुसरा सूर, तिसरा, प्रत्येकाला तेच, आणि मग कळलं की ही गळती नव्हे, हा श्वास आहे. धातूच्या मोठ्या ऑर्गनचा आवाज मी हॅम्बुर्गला ऐकला होता. तो छातीवर येतो. हा शेजारी येऊन बसतो. सगळ्या खुंट्या ओढल्यावरसुद्धा त्यात कुठेतरी शेत आणि पाणी राहतंच. शेवटी त्या तरुणाने एक खुंटी ओढली आणि वर पाखरं बोलायला लागली. खरी वाटली म्हणून मी छपराकडे बघितलं, तर तो हसायला लागला. बारीक नळ्यांची तोंडं पाण्यात बुडवून वारा सोडला की असं होतं, आमच्याकडे जत्रेत मातीच्या चिमणीत पाणी घालून फुंकतात तसंच, असं मी त्याला सांगितलं.

तुम्ही विचाराल, मींड? नाही. पेटीत नाही तशी यातही नाही. उलट तुमच्या पेटीत भाता हलका-जड करून सूर फुगवता तरी येतो. इथे वाऱ्याचा दाब एकसारखा, त्यामुळे सूर उभा तो उभा. मला दोन मिनिटांनी ते जाणवायला लागलं. तुमच्या पायाखालचा भाता ऐकून वाढलेल्या माणसाला तो सपाटपणा थोडा खटकणारच. खोटं कशाला सांगू?

आता मुद्द्याचं.

हा ऑर्गन दोनशे वर्षं सुखात वाजला असं समजू नका. तो देश भूकंपांचा आणि वादळांचा. १८८० च्या भूकंपाने आणि पाठोपाठ १८८२ च्या वादळाने चर्चची दैना केली, छप्पर गेलं आणि ऑर्गन उघड्यावर पडला. पाऊस थेट नळ्यांमध्ये. त्यानंतर कित्येक वर्षं तो मुका. पुढच्या शतकात अधूनमधून डागडुजी झाली, अर्धामुर्धा वाजायचा, पुन्हा बंद पडायचा. फिटरची आजी सांगत होती की तिच्या लहानपणी त्यातल्या निम्म्या नळ्या नुसत्याच उभ्या होत्या, बोलत नव्हत्या.

आणि तरी कुणी त्या फेकल्या नाहीत. हे माझ्या डोक्यात बसलंय, काका. निघालेल्या नळ्या आतल्या खोलीत ठेवून दिल्या होत्या. बांबूच्याच तर होत्या! सहज चुलीत गेल्या असत्या, कुंपणाला लागल्या असत्या, कुणी कोंबड्यांचं खुराडं केलं असतं. गाव काही श्रीमंत नव्हतं. पाद्री बदलले, राज्य बदललं, स्पॅनिश जाऊन अमेरिकन आले, मग जपानी, मग स्वतःचं सरकार. नळ्या खोलीत. कुणी तरी प्रत्येक वेळी खोली झाडताना म्हणालं असेल, हे काय पडलंय, आणि दुसरं कुणी तरी म्हणालं असेल, असू दे.

शेवटी १९७२ मध्ये चर्च आणि ऑर्गन दोन्ही पुन्हा उभे करायचं ठरलं. चर्चचं काम तिकडचे वास्तुकार फ्रान्सिस्को मान्योसा यांनी केलं. ऑर्गन १९७३ मध्ये सोडवून जर्मनीत बॉन शहरात क्लाइस यांच्या कारखान्यात नेला. क्लाइस म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ऑर्गन बांधणारं घराणं. पण अडचण अशी की जर्मनीची हवा थंड आणि कोरडी. दमट हवेतला बांबू तिथे नेला की तडकणार. म्हणून त्यांनी फिलिपिन्सच्या हवेएवढी उष्ण, दमट अशी खास खोली तयार केली आणि त्या खोलीत बसून काम केलं. बाहेर बर्फ, आत शिरोडं! काम करणारे जर्मन कारागीर घामाने भिजून बांबू तासताहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा आणि हसा.

मार्च १९७५ मध्ये ऑर्गन परत आला तेव्हा गावाने मिरवणूक काढून तो घरी आणला. ९ मे १९७५ ला तो पहिल्यांदा पुन्हा सगळ्यांसमोर वाजला. १९७६ पासून दर फेब्रुवारीत त्याचा महोत्सव होतो, जगभरचे वाजवणारे येतात. २००३ मध्ये त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा ठरवलं. पण मला यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते. आता लास पिन्यासमध्येच ऑर्गन बांधणारी आणि दुरुस्त करणारी कार्यशाळा आहे, दिएगो सेराच्याच नावाची. गावातली पोरं युरोपात जाऊन हे काम शिकून परत आली. पुढची मोठी दुरुस्ती, २००३-०४ ची, त्यांनीच केली. या वेळी काहीच जहाजात घालावं लागलं नाही.

खाली उतरलो तेव्हा उजाडलं होतं. दारात एक बाई बांबूच्या आखूड नळ्यांत जांभळा चिकट तांदूळ वाफवत होती. नळी केळीच्या पानावर आपटली की वाफाळता लांबट तुकडा बाहेर पडायचा, वर लोणी, ओलं खोबरं आणि काळसर साखर. पुटो बुंबोंग. यातला बुंबोंग म्हणजे बांबूची नळीच. काकीला सांगा, चव आपल्या खांडवीच्या जवळ जाते, फक्त वेलची नाही आणि गोडाचं प्रमाण तिला पसंत पडलं नसतं. मी तीन खाल्ले. तिथेच उभ्याने खाताना मला आपल्या पडवीतलं गोणपाट आठवलं.

तुमची पायपेटी कुठून आली हे आजी सांगायची, आठवतं? तेरेखोलच्या पलीकडच्या कुठल्याशा चर्चमध्ये नवी पेटी आली म्हणून जुनी निघाली आणि आजोबांनी ती होडीतून आणली. तेव्हा मला ती नुसती गोष्ट वाटायची. आता तिचा अर्थ लागतो. नळ्यांचा ऑर्गन लहान चर्चला परवडत नाही, जागाही पुरत नाही. म्हणून युरोपात नळ्या काढून फक्त पितळी पत्त्या ठेवलेल्या पेट्या निघाल्या. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. पायाने भाता हलवायचा, दोन्ही हात मोकळे. या पेट्या मिशनऱ्यांबरोबर जहाजांतून आपल्याकडे आल्या. पुढे कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे आणून हाताची पेटी केली, ती भजनात गेली. पायाची मात्र नाटकवाल्यांनी उचलली. संगीत नाटकातला ऑर्गन तो हाच, आणि आपल्या दशावतारातली पायपेटीही हीच. आकाशवाणीने १९४० साली परकी म्हणून पेटीला दार बंद केलं ते १९७१ पर्यंत, यावर तुम्ही अजून तावातावाने बोलता. परकी कसली? चर्चमधून निघून ती देवळात आली आणि संकासुराच्या एंट्रीला वाजली. तो बांबूचा ऑर्गन तिचा पणजोबा लागतो.

आता एक गोष्ट, जी मी पस्तीस वर्षं कुणाला सांगितलेली नाही. छापून सांगतो, म्हणजे परत घेता येणार नाही.

भात्याला पहिलं भोक उंदराने पाडलं नाही. मी पाडलं. मी दहा वर्षांचा होतो. तुम्ही दुपारी झोपला होता. मला बघायचं होतं, आवाज आत कुठे बसतो. छत्रीची काडी घेतली आणि भात्याच्या घडीत घातली. 'फस्स' झालं. मी पळालो. तुम्ही संध्याकाळी उंदरांना शिव्या घातल्या, सापळा लावला, आणि त्या सापळ्यात बिचारी चिचुंद्री सापडली. तुम्ही ठिगळ चिकटवलंत. आणि मग त्या वर्षीच्या जत्रेत, ऐन मध्यरात्री, ते ठिगळ सुटलं. नारद उभा, तुम्ही पाय मारताय आणि सूर मावळतोय. तेव्हा तुम्ही मान मागे वळवून मला हाक मारलीत, "झिला, हंय ये, हात धर." मी पेटीच्या मागे उकिडवा बसलो आणि दहीकाल्यापर्यंत भोकावर तळहात दाबून धरला. तळहाताला वारा लागत होता. वरच्या सप्तकाला कमी, खर्जाला जास्त, असं वाटायचं. पहाटे तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि सगळ्यांना सांगितलंत, आज पेटी ह्याने वाजवली. मला रडू आलं ते तुम्हाला झोपेचं वाटलं.

इंजिनियर मी त्या रात्रीमुळे झालो असं म्हणणार नाही, मार्कही तसे होतेच. पण हवा कुठून सुटतेय ते हुडकायची सवय तिथली.

तर आता कामाचं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी जहाजावरून उतरतोय. येताना भात्यासाठी पातळ मऊ चामडं आणि कापड आणतो, सरसही. लास पिन्यासच्या त्या तरुणाने जुनं चामडं फाडू नका म्हणून बजावलंय; गरम पाण्याच्या वाफेने सरस सैल करून अख्खं काढायचं, म्हणजे तेच नव्याला नमुना होतं. तोवर तुम्ही इतकं करा. पेटी पडवीतून ओटीवर घ्या. गोणपाट काढून टाका, त्यातच वाळवी धरते. ओली फडकी फिरवू नका, कोरड्या कुंचल्याने धूळ काढा. सूरपट्टीला हात लावायला कुणाला देऊ नका. गंज चढलेले सूर काढून डब्यात घालायचा मोह तुम्हाला होईल, घालू नका. ज्या घरात जो सूर आहे तो तिथेच राहू दे, मोडका असला तरी. आणि भाता मिटलेला किती आणि उघडलेला किती, ते धाकट्याकडून फितीने मोजून कळवा. वितीने नको. तुमची वीत मी ओळखून आहे.

हॉटेलवाल्याच्या माणसाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पुतण्या अडून बसलाय म्हणालात तरी चालेल.

काकीला नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (या एका बाबतीत सोडून),
पुतण्या

ता. क. : मधल्या सप्तकातली काळी दोनची पट्टी तेव्हाच मुकी झाली होती. अजून मुकी आहे की मधे कधी बोलायला लागली, तेवढं मला आधी कळायला हवं, म्हणजे त्या मापाची पत्ती शोधता येईल. भाता फाटलाय, वाजवून कसं बघणार, असं म्हणू नका. तुम्ही पाय मारा आणि धाकट्याच्या पोराला मागे बसवून भोकावर तळहात धरायला सांगा.